काल काय जेवलास?

उपाशी माणूस हुडकून काढण्यात आमच्या काकांचा हात धरणारा माणूस अख्ख्या अमेरिकेत नव्हता. माणूस नव्हता म्हणतोय मी. पक्षी होते, आणि ते कोणते हे काका तुम्हाला ऐन जानेवारीत समुद्रावर उभं करून, कान बधिर होईपर्यंत समजावून सांगत. हे काका माझे सख्खे, चुलत, मावस असे कुठलेच काका नव्हेत. ऐंशीच्या आसपास न्यू जर्सीत दहा वर्षांनी मोठा मराठी माणूस भेटला की तो आपोआप काका व्हायचा, आणि हे तर भेटायच्या आधीच, फोनवरच झाले. मूळचे नागपूरचे, बौद्ध, एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट. उंच, किडकिडीत, एकदा चढवलेली कानटोपी एप्रिल संपेपर्यंत न उतरवणारे. मूलबाळ नव्हतं. एडिसनजवळच्या एका छोट्या घरात काकू, एक म्हातारी स्टेशन वॅगन, एक दुर्बीण आणि दोन डिरेक्टऱ्या एवढा त्यांचा संसार होता.

डिरेक्टरी हे काकांचं हिवाळ्यातलं वाचन. एक टेलिफोन कंपनीची जाडजूड, आणि दुसरी जवळच्या युनिव्हर्सिटीतल्या विद्यार्थ्यांची, जी ते दर वर्षी कुणाच्या तरी मागे लागून मिळवत. नाताळच्या सुट्ट्या जवळ आल्या की कानावर पेन्सिल ठेवून ते जेवणाच्या टेबलाशी बसत आणि ए पासून झेड पर्यंत एकेक नाव वाचत. मराठी आडनाव दिसलं की बोट थांबे आणि दुसरा हात फोनकडे जाई. कधीकधी गफलत व्हायची. ‘काळे’ समजून लावलेला एक फोन कुणा अमेरिकन म्हातारबाबांनी उचलला. काकांनी त्यांनाही इंग्रजीत आपला ठरलेला प्रश्न विचारून टाकला. म्हातारबाबा आधी रागावले, पण दुसऱ्या दिवशी टाय लावून काकूंच्या हातची वांग्याची भाजी खायला हजर झाले.

तो प्रश्न म्हणजे काकांचा शोध. ‘जेवलास का?’ असं ते कधीच विचारत नसत. त्यांचं म्हणणं, मराठी माणूस मरायला टेकला असला तरी या प्रश्नाला ‘हो हो, आत्ताच जेवलो’ हेच उत्तर देतो, तेव्हा विचारून उपयोग काय? मला त्यांचा फोन आला तेव्हा मी वसतिगृहात एकटा होतो. मेस बंद, खोलीतली मुलं आपापल्या घरी गेलेली, बाहेर गुडघाभर बर्फ, आणि मला या देशात येऊन चार महिने झालेले. फोनवर अनोळखी आवाज शुद्ध वऱ्हाडी सुरात म्हणाला, “मराठी ना रे तू? काल काय जेवलास?” मी गडबडून म्हणालो, “नाही नाही, आत्ताच जेवलो.” “आत्ताचं कोणी विचारलं बे? काल काय?” “कॉर्नफ्लेक्स.” “अन् परवा?” “परवाही.” तासाभरात स्टेशन वॅगन दारात उभी होती. घरी काकूंनी ताटात भाकरी वाढली आणि काका मुद्दाम पाठ फिरवून, दुर्बिणीतून शेजाऱ्याचं छप्पर बघत बसले. उपाशी माणसाला जेवताना कुणी बघितलेलं आवडत नाही, असा त्यांचा दुसरा नियम होता. मी पाच भाकऱ्या खाल्ल्या आणि सहावीला रडलो. काका छपराकडेच बघत राहिले.

या उपकाराची परतफेड समुद्रावर करावी लागे. हिवाळ्यात दर रविवारी, हवा जितकी वाईट तितक्या उत्साहाने, काका आम्हाला किनाऱ्यावर नेत. तिथे दगडांचा एक बांध समुद्रात दूरवर गेलेला होता, त्याच्या टोकाला आम्ही तिघं उभे. काकूंच्या हातात थर्मास, काकांच्या डोळ्यांना दुर्बीण आणि माझ्या नाकाला पाणी. काका बघत ते गॅनेट पक्षी. पांढरेशुभ्र, पंखांची टोकं काळी, आमच्याकडच्या घारीपेक्षा थोराड. हा पक्षी उंचावर फिरता फिरता अचानक पंख मिटून घेतो आणि मासा धरायला दगडासारखा पाण्यात कोसळतो. वर आला की काका ओरडत, “मिळाला!” किंवा हळहळत, “नाही गावला बिचाऱ्याला.” एकदा बांधावर गळ टाकून बसलेल्या एका गोऱ्याने विचारलं, “यू फिशिंग?” काका गॅनेटांकडे बोट दाखवून गंभीरपणे म्हणाले, “नो. दे आर.”

“हे बघ,” काका मला सांगत, “थंडी पडली की मासा खोल जातो. वारं सुटलं की पाणी गढूळ होतं. एवढ्या समुद्रात एकट्या पक्ष्याने शोधायचं तरी कुठं? म्हणून हे लोक एकमेकांना दिसतील एवढ्या अंतरावर पसरून राहतात. एक कोसळला की त्याचं पांढरं अंग लांबून दिसतं. शेजारचा वळतो. तो वळला की त्याच्या शेजारचा वळतो. अशी बातमी मैलोन् मैल जाते. फोन नाही, डिरेक्टरी नाही!” मग माझ्याकडे वळून हळूच म्हणत, “पण शेजारी दिसेल एवढा तरी असावा लागतो.” आपल्या अमेरिकेतल्या पहिल्या हिवाळ्यात काका अकरा दिवस कुणाशी एक शब्द बोलले नव्हते. बाराव्या दिवशी दूध आणायला दुकानात गेले तर घशातून आवाज फुटेना. तेव्हा ते या बांधावर येऊन बसले होते आणि तिथेच त्यांनी पहिला गॅनेट पाहिला. हे मला काकूंनी सांगितलं. काकांनी कधीच नाही.

सगळे पक्षी जगत नसत. एका मोठ्या वादळानंतर किनाऱ्यावरच्या पार्किंगच्या जागेत आम्हाला एक डव्हकी सापडला. हा मुठीएवढा, काळापांढरा पक्षी एरवी खोल समुद्रात बुडी मारून पोट भरतो, पण वाऱ्याने त्याला जमिनीवर आणून टाकलं होतं. काकांनी तो माझ्या ओंजळीत ठेवला. त्याला वजनच नव्हतं. पिसांखाली छातीचं हाड तेवढं धारदार लागत होतं. “कितीतरी दिवसांचा उपाशी आहे,” काका म्हणाले. आम्ही त्याला पाण्यावर सोडला. तो थोडा तरंगला, मग लाटेआड दिसेनासा झाला. परत येताना गाडीत काकूंनी थर्मास उघडला नाही.

फोन केलेल्या प्रत्येकाच्या नावापुढे काका डिरेक्टरीच्या समासात बारीक अक्षरात टिपण करत. माझ्यापुढे लिहिलं होतं, ‘काल: कॉर्नफ्लेक्स. परवाही.’ आणि जो घरी येऊन जेवला, त्याच्यापुढे एक बरोबरची खूण. काही नावं मात्र खुणेवाचून होती. फोनवर मोकळेपणाने बोलणारी माणसं काकांचं आडनाव ऐकलं की एकाएकी सावध होत, आणि ‘आम्ही सहसा बाहेर जेवत नाही हो’ असं म्हणून फोन ठेवत. सात समुद्र ओलांडून येताना त्यांनी ही एक गोष्ट मात्र नीट सांभाळून आणली होती. अशा नावांपुढे काका लिहीत, ‘पोट भरलेलं आहे.’ मी ते वाचून हसलो. काका हसले नाहीत. काकू म्हणाल्या, “पुढच्या वर्षी पुन्हा लावतात ते त्यांना फोन. मी म्हणते कशाला, तर म्हणतात, एखाद्या वर्षी भूक लागली असली तर?”

शिक्षण संपलं आणि मला मिनेसोटात, ईडन प्रेरीला नोकरी लागली. तिथून समुद्र कुठल्याही दिशेने हजार मैल. काका म्हणाले, “तिथं काय बघशील रे? गोठलेली तळी?” मी लग्न केलं, घर घेतलं, बर्फ उपसायचं यंत्र घेतलं आणि बांधावरच्या थंडीला हळूहळू विसरलो. एका शरद ऋतूत काकू गेल्या. पंधरा दिवसांचं दुखणं झालं. मी दोन दिवस जाऊन आलो. निघताना काका दारात कानटोपी घालून उभे होते. “माझी काळजी नको करू,” म्हणाले, “डिरेक्टरी आहे.”

मी दर रविवारी फोन करू लागलो. मी विचारायचो, “काका, जेवलात का?” ते म्हणायचे, “हो हो, आत्ताच जेवलो.” मग मी माझ्या ऑफिसातल्या कटकटी सांगायचो, ते ऐकून घ्यायचे, आणि मी कर्तव्य केल्याच्या समाधानात फोन ठेवायचो. असे किती रविवार गेले ते मी मोजले नव्हते. माझ्यासारखा मूर्ख मीच. ज्या माणसाने मला त्या उत्तराचा खोटेपणा शिकवला, त्याच माणसाचं ते उत्तर मी आठवड्यामागून आठवडे खरं धरत होतो. डिसेंबरात एका रविवारी, बाहेर बर्फ पडत असताना, कुठूनसं मनात आलं आणि मी विचारलं, “काका, काल काय जेवलात?” काका म्हणाले, “चहा.”

मंगळवारी मी त्यांच्या घरी पोचलो. फ्रिज उघडला तर ओळखीच्या बायकांनी आणून दिलेले डबे एकावर एक रचलेले, झाकणांवर नावं लिहिलेली, आणि एकाचंही झाकण उघडलेलं नाही. मी खिचडी केली. काकांनी दोन घास चिवडले. “चांगली झालीय,” म्हणाले आणि ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशी त्यांना समुद्रावर घेऊन गेलो. वारा असा की उभं राहवेना. बांधाच्या दगडांवर त्यांचा तोल जाऊ नये म्हणून मी त्यांना पाठीमागून धरलं, आणि जाड कोटातूनसुद्धा हाताला हाडं लागली. मला तो डव्हकी आठवला आणि मी घाबरलो. समुद्रावर एकही पक्षी नव्हता. काकांनी दुर्बीण डोळ्यांना लावलीच नाही. “शेजारी कुणी नसलं ना,” ते म्हणाले, “तर गॅनेटसुद्धा नुसताच फिरत राहतो रे. खाली मासा असला तरी त्याला कळत नाही.”

परत आल्यावर मी टेबलावरची विद्यार्थ्यांची डिरेक्टरी ओढली. नवीन वर्षाची होती, पण पेन्सिलीची एक खूण तिच्यात नव्हती. मी आडनावं शोधून फोन लावत सुटलो. काका कोचावर पडल्या पडल्या माझ्या चुका काढू लागले. “असं नाही बे विचारायचं! ‘जेवणार का’ काय म्हणतो? काल काय, ते विचार!” किती दिवसांनी त्यांचा आवाज चढला होता. बहुतेक फोन नुसते वाजत राहिले. एक मात्र उचलला गेला. पलीकडे अमरावतीची एक मुलगी होती, फार्मसी शिकायला आलेली. काल काय खाल्लंस विचारल्यावर ती म्हणाली, “पॉपकॉर्न. पण तुम्ही कोण बोलताय?” मी काकांचं आडनाव सांगितलं.

गुरुवारी दुपारी मी तिला घेऊन आलो. दारातच ती म्हणाली, “जय भीम, काका. घरात ना, मस्त हिंगाचा वास येतोय.” मी तिला आणायला गेल्यावर काकांनी स्वतः उठून पिठलं केलं होतं. ताट वाढलं, आणि सवयीप्रमाणे दुर्बीण घेऊन ते तिच्याकडे पाठ फिरवून खिडकीशी बसले. मुलगी भुकेने नुसती व्याकूळ झाली होती, पण ताटाला हात लावेना. काका छपराकडे बघतच म्हणाले, “जेव ना गं.” ती म्हणाली, “तुम्ही नाही बसणार? मग मी एकटी कशी जेवू? घरी आमच्याकडे कोणीच एकटं नाही जेवत, काका.” काकांनी दुर्बीण खाली ठेवली, आपलंही ताट वाढून घेतलं, खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसले. तिने पहिला घास घेतला. मग त्यांनी घेतला, आणि तोंड वाकडं करून म्हणाले, “काय खारट झालंय बे हे! अन् ही पोरगी गप खातेय!” आम्ही तिघं हसलो आणि सगळं पिठलं संपवलं.

त्यानंतर काकांनी आणखी तीन हिवाळे काढले. ती मुलगी दर रविवारी त्यांना गाडीतून समुद्रावर न्यायची. ते गेले तेव्हा मी ईडन प्रेरीतच होतो आणि वादळामुळे विमानं बंद होती. मला पोचता आलं नाही. ते मनाला लागून राहिलं आहे आणि राहील. पुढे तिनेच मला काकू गेल्या त्या वर्षीची टेलिफोन कंपनीची जाडजूड डिरेक्टरी पोस्टाने पाठवली. सोबत एवढंच लिहिलं होतं, ‘काकांचं पान बघा.’

काकांचं पान म्हणजे त्यांचं स्वतःचं नाव जिथे छापलं होतं ते. समासात त्याच बारीक अक्षरात ओळीखाली ओळ होती. ‘काल: चहा.’ ‘काल: चहा, बिस्किट.’ ‘काल: काही नाही.’ मधेच, ‘रविवार. ईडन प्रेरीचा फोन. जेवलो म्हटलं.’ अशा रविवारच्या ओळी मी मोजल्या. सात होत्या. आठव्या रविवारी लिहिलं होतं, ‘फोन. विचारलं त्याने.’ त्यापुढे खूण नव्हती. खूण होती शेवटच्या ओळीपुढे, गुरुवारच्या. ‘पिठलं. खारट.’