बाबा टाइप करत होते आणि सर्व्हरची विंडो उघडी होती

मंडळी, आज दुपारी जे झालं ते सांगावंसंच वाटतंय.

घरून काम करताना मी ऑफिसच्या सर्व्हरवर लॉगिन करून तिथली ग्राफची विंडो माझ्या लॅपटॉपवर उघडली होती. मी जेवायला उठले आणि बाबा लॅपटॉपसमोर बसले.

तेवढ्यात सहकारी अंकितचा फोन आला. "सर्व्हरमध्ये कोणीतरी घुसलंय! तुझी विंडो खुली है क्या? तिच्यातून ते तुझ्या कीबोर्डवरचं सगळं वाचू शकतात."

मी धावत जाऊन कनेक्शन तोडलं. "बाबा, पासवर्ड टाकलात का?"

"नाही गं. ताईला लिहीत होतो."

माझी ताई महूला असते. तिनं आपल्या पसंतीनं लग्न केल्यापासून बाबा तिच्याशी बोलत नव्हते. स्क्रीनवर न पाठवलेला मेसेज होता, "बेटा, फार आठवण येते. जावईबापूंना घेऊन घरी ये."

बाबा कावरेबावरे झाले. "कुणी परक्यानं वाचलं असेल?"

"असेलही. पण ताईनं अजून वाचलं नाहीये."

लॅपटॉपवर आता भरवसा नव्हता, म्हणून मी माझा फोन पुढे केला. त्यांनी पुन्हा सगळं टाइप करून पाठवलं. ताईचा लगेच फोन आला. दोघंही नुसती रडत होती.

मी सगळे पासवर्ड बदललेत. तुम्हीही अशी विंडो कामापुरतीच उघडत जा. आणि खरं सांगा, तुमचाही एखादा मेसेज लिहून तसाच पडलाय का?