फुंदा म्हटलं की नांगर

आमच्या तुर्की किनाऱ्यावरच्या ग्योजेकच्या धक्क्यावर कुणालाही विचारा, नेज्देत कॅप्टनसारखा नांगर टाकणारा दुसरा नाही. खाडी कितीही अरुंद असो, पाइनच्या फांद्या डोलकाठीला घासोत, हा गडी बोट उलटी फिरवून अलगद आत नेणार, बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभ्या याकुपला "फुंदा!" अशी हाळी देणार, की नांगर धडाड पाण्यात. मग मागचा दोर काठच्या खडकाला बांधला की वारा काय वाट्टेल ते करो. बोलण्याच्या बाबतीत मात्र माणूस अगदी मुखदुर्बळ.

आणि दैवाची थट्टा बघा, बोटीवर स्वयंपाकाला जी विधवा बाई आली, तिचं नावच फुंदा! पहिल्याच दिवशी, भर खाडीत, कॅप्टनने तिला चहासाठी हाक मारली. याकुपचा एक कान कामातून गेलेला, आणि दुसऱ्याला तेवढा एकच शब्द नीट ऐकू येतो. त्याने नांगर सोडला तो थेट शेजारच्या जर्मन बोटीच्या साखळीवर. गुंता सुटेपर्यंत दुपार कलली, आणि त्या जर्मनाच्या शिव्या भाषा येत नसूनही सगळ्यांना कळल्या. तेव्हापासून बोटीवर तिचं नाव बंद. ती झाली 'उस्ता'. हातात कसब असलेल्या कुणालाही आम्ही म्हणतो तसं.

उस्ताने भात भरलेली भोपळ्याची फुलं खाऊ घातली आणि कॅप्टन पुरता विरघळला. पण सांगणार कसा? हंगामामागून हंगाम गेले. या ऑक्टोबरात सहलीचे शेवटचे पाहुणे उतरले, आणि परतीच्या मुक्कामी चहा ओतता ओतता ती म्हणाली, "कॅप्टन, पुढच्या वर्षी दुसरा आचारी बघा. मी इझमीरला बहिणीकडे जातेय, कायमची."

कॅप्टनने पेला खाली ठेवला. "का हो? आमचं काही चुकलं?"

"चुकलं नाही. पण इथे मला नावाने हाक मारणारं एक माणूस नाही. बहीण तरी मारते."

ती बोचकं बांधायला आत गेली. कॅप्टनने सवयीने दोर सोडवला, नांगर वर घ्यायला लावला. बोट एकदा धक्क्याला लागली की बाई बसमध्ये बसणार, हे त्याला दिसत होतं. तो ती गेली त्या दाराकडेच बघत राहिला.

"कॅप्टन, सुकाणू धरा! खडकावर नेताय काय?" साखळीवरचा चिखल धूत याकुप ओरडला.

फुंदा बोचकं घेऊन वर आली.

"उस्ता," तो कसाबसा म्हणाला, "राहा ना."

"उस्ता काय, छप्पन्न मिळतील. राहायचं कुणी, ते सांगा."

त्याने नाळेकडे पाहिलं. याकुपचा धड कान नेमका इकडेच. गेलं खड्ड्यात! त्याने छाती फुटेस्तोवर हाक मारली, "फुंदा!"

धडाड! साखळी खडखडत सुटली, पाइनवरचे कावळे उडाले. त्या गोंगाटातच कॅप्टन ओरडला, "फुंदा, माझ्याशी लग्न करशील?"

डोक्याचा रुमाल तोंडाशी धरून ती हसत सुटली, आणि त्याच रुमालाने डोळे पुसायला लागली.

"अहो, आत्ताच तर वर काढला होता!" याकुप वैतागून म्हणाला. "आता तळ धरलाय का, ते तरी सांगा!"

"धरलाय रे, घट्ट धरलाय!" बोचक्याची गाठ सोडत फुंदा ओरडली. "तू दोर बांधून ये. जेवण इथेच आहे."