चौथ्या तासाचा आवाज

गोरिवले सर वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगतो; कारण पुढचं वाचून तुम्ही तसं म्हणाल आणि मला राग येईल. महिपत गोरिवले, मूळ मंडणगडचे. दापोलीजवळच्या आमच्या हायस्कुलात मुख्याध्यापक म्हणून आले, ते शिपायाच्या आधी फाटक उघडायचे. मुतारी तुंबली तर स्वतः बादली उचलायचे. आधीच्या शाळेत त्यांनी वर्ग वाऱ्यावर सोडून गप्पा हाणणारे मास्तर पाहिले होते. तेव्हापासून त्यांची एकच श्रद्धा होती, शाळा रस्त्यावर ऐकू येता कामा नये.

आणि आमची शाळा ऐकू यायची. सत्यवती डिंगणकर मॅडम आठवीला मराठी शिकवायच्या. पुस्तकातल्या प्रत्येक कवितेला स्वतः चाल लावायच्या. चौथ्या तासाला पोरं गायला लागली की एसटीच्या थांब्यावरची माणसं गाडी आली तरी रेंगाळायची. मी शेजारच्या वर्गात विज्ञान शिकवायचो. वैतागायचो, आणि पायानं ठेका धरायचो.

दुसऱ्याच आठवड्यात सर मागच्या बाकावर पाठ बघायला बसले. शेवटचं कडवं राहिलं असताना त्यांनी हात वर करून वर्ग थांबवला. लॉगबुकात, म्हणजे पाठावर शेरा लिहायच्या वहीत, लाल शाईनं लिहिलं, 'वर्गनियंत्रण नाही. गायनाचा तास वेगळा असतो.' मॅडमनी वाचलं आणि खाली सही केली. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून आठवी गप्प झाली.

मग बाकीचंही आपोआप थांबलं. दहावीचे सकाळचे जादा तास गेले, मुलांचं हस्तलिखित गेलं, शनिवारी पोरांना ओढ्यावर नेऊन बेडूक दाखवायची माझी हौसही गेली. बंड कुणी केलं नाही. सांगितलं तेवढं करायचं आणि पाचच्या ठोक्याला चपला घालायच्या. तपासणीला आलेले साहेब शिस्त बघून खूश झाले. सरही वर्षभर खुशीत होते.

नंतर त्यांना ऐकू येऊ लागलं.

चौथा तास सुरू झाला की ऑफिसातून बाहेर यायचे. "कुठला वर्ग गातोय?" कुठलाच नसायचा. तरी ते व्हरांडाभर फिरून प्रत्येक दारातून डोकावायचे. आत उघडी पुस्तकं आणि खाली घातलेल्या माना. बाबल्या शिपाई म्हणाला, "राखणदारानं धरलान सरांना," आणि जागा राखणाऱ्या त्या देवाला गुपचूप नारळ ठेवून आला. आम्ही हसलो. एक दिवस सर आठवीच्या भिंतीला कान लावून, डोळे मिटून उभे दिसले, तेव्हा मात्र हसू आलं नाही.

"तुम्हाला येतो का हो आवाज?" त्यांनी विचारलं.

"नाही, सर."

"मला रोज येतो. शेवटचं कडवं तेवढं येत नाही. मी थांबवलं होतं ना." भिंतीपासून दूर होत म्हणाले, "मे अखेर निवृत्त होतोय. त्याआधी ते पुरं ऐकलं पाहिजे. नाहीतर हे घरीपण येईल माझ्यासोबत."

फेब्रुवारीत ते लॉगबुक घेऊन आठवीत गेले. साक्षीला मला नेलं. जुना शेरा त्यांनी पोरांसमोर खोडला, 'चूक माझी होती' असं लिहून सही केली आणि वही मॅडमपुढे धरली. "मॅडम, ती कविता एकदा घ्याल?"

मॅडमनी वाचलं आणि सवयीनं सही केली. सर मागच्या बाकावर जाऊन बसले. मॅडमनी श्वास घेतला. पहिली ओळ आली, पण नुसती बोलल्यासारखी. पुन्हा घेतली. तिसऱ्यांदा घेतली.

"चाल आठवत नाही, सर," त्या म्हणाल्या. "रागानं सांगत नाही. भाकऱ्या थापताना मीही शोधते. मिळत नाही."

"शेवटचं कडवं तरी?"

"ते वाचून दाखवते."

त्यांनी वाचलं. उच्चार स्वच्छ होते, एक शब्द चुकला नाही. वर्गात कुणी हललंसुद्धा नाही.

सरांच्या शेजारी मनस्वी नावाची मुलगी बसली होती. तिनं हळूच विचारलं, "आठवीतपन कविता गातात वो, सर?"

"गायची गो पोरं," सर म्हणाले. "मी बंद केलं."