दीनानाथ चौबळांची मासेबंदी

सेंगकांगला राहणारे आणि रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत नोकरी करणारे दीनानाथ चौबळ धक्क्यावर गळ टाकायला जात, तेव्हा स्वतःचे कायदे सोबत नेत. सिंगापुरात हौशी मच्छीमाराला परवाना लागत नसे. गळ कुठे टाकू नये, हे फलक सांगत. मासे किती न्यावेत, हे धक्क्यावर कोणी विचारत नसे. ही मोकळीक चौबळांना खुपे. म्हणून रविवारी एकच मासा घरी. बाकीचे ओल्या हाताने सोडवून जिवंत पाण्यात. शिवाय मृगापासून नारळी पौर्णिमेपर्यंत रॉड कपाटात. "विणीचे दिवस," असे ते शेजारच्यांना ठणकावून सांगत. हा त्यांच्या गावचा, अलिबागचा नियम. त्याविषयी शंका त्यांना कधी आलीच नव्हती.

२०१४ साली पौर्णिमा रविवारी आली. मुंबईहून आलेल्या अरुणाताईंनी राखी बांधली आणि ओवाळणीची साडी बाजूला सारली.

"साडी नको, दिनू. तू धरलेला जिताडा खायचाय. आजारपणानंतर तोंडाला चवच नाही रे. उद्या तर निघाले मी."

दुपारी धक्क्यावर, ताई शेजारी बसलेल्या असताना, रॉड वाकला. मासा वर घ्यायच्या जाळीत जिताडाच आला, चांगला हातभर. दीनानाथांनी पोटाखाली हात घातला आणि मनगटावर बारीक, पिवळसर अंडी ओघळली.

"गाभोळी!" ताई हरखल्या. "नशीब काढलंस मेल्या! बघत काय बसलास?"

"ताई, वीण होऊन जावी म्हणून तर इतके दिवस थांबलो होतो."

"अलिबागचं पंचांग इथल्या माशांना वाचून कुणी दाखवलं? तू?"

थट्टाच, पण वर्मी बसली. इथे तसा पावसाळा नाही, तसा खवळलेला दर्याही नाही. मग वीण तरी त्याच महिन्यांत का असावी? बंदी उठल्यावर कितीदा त्यांनी घरी गाभोळी तळली होती, चवीने खाल्ली होती. पुरावा ताटातच होता.

"सोडू?"

"मला काय विचारतोस?"

"ओवाळणी तुझी आहे."

जाळीतला मासा कल्ले उघडत होता. ताईंनी तोंड फिरवले. "सोड लवकर. मेला तर खापर माझ्यावर फोडशील."

पायऱ्या उतरून त्यांनी मासा पाण्यात सरळ धरला. शेपटीने जोर धरला आणि हात रिकामा झाला.

"मग आता बंदी कधी पाळणार?" वरून ताईंनी विचारले.

"ठाऊक नाही. शोधावं लागेल."

"शोध सावकाश. आज मी काय जेवू, ते आधी सांग."