तिबेटी आरसा आणि बाबांचा चहा

या सदरातले किस्से मी आजवर फक्त हसायला वाचले. कुणाला पैंजण ऐकू येतात, कुणाच्या मागे सावली लागते... शिकली-सवरलेली माणसं, आणि अकलेचं दिवाळं! आज माझ्यावरच लिहायची वेळ आली, याचाच जास्त राग आहे.

मी आयर्लंडमधल्या गॉलवेत मेडिकल डिव्हाइसच्या कंपनीत इंजिनिअर. आई गेल्यावर बाबांना नागपूरहून इकडे आणलं. त्यांना कंपवात. उजवा हात सतत थरथरतो. चहा नातीच्या झाकणाच्या कपातून प्यावा लागतो, याची त्यांना मरणाची लाज वाटते.

एका शनिवारी बाबांना आणि मुलीला घेऊन घराजवळच्या छोट्या म्युझियममध्ये गेलो. कुणा साहेबाने तिबेटहून उचलून आणलेला पसारा – चांदीच्या ताईतपेट्या, लोखंडी पट्ट्यांचं चिलखत, आणि छातीवर बांधायचा नक्षीदार धातूचा आरसा. देव अंगात येणारा पुजारी तो घालायचा म्हणे. म्हणजे अंगात आणायचा सरंजाम! ते बघायला भारतातून विमानाने इतक्या लांब यायची गरज नव्हती. मी मोठ्याने हसलो.

"आजोबा, युअर हँड इज ग्रँड!" माझी मुलगी ओरडली.

आरशासमोर उभ्या बाबांचा उजवा हात स्थिर होता... अगदी.

मन रमलं असेल, मी म्हटलं. पुढच्या शनिवारी बाबांना काही न सांगता म्युझियमच्या खालच्या मजल्यावरच्या कॅफेत बसवलं, बरोब्बर त्या आरशाच्या खाली. वर कुठली खोली येते हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांनी साधा कप उचलला, चहा प्यायले, थेंबही सांडला नाही. टेबल बदललं – हात थरथरायला लागला. परत आणलं – शांत.

"काहून हालवून राह्यला बे मले? इथंच बसू दे नं," बाबा वैतागले.

डॉक्टर म्हणाले, होतं असं कधी कधी. एवढंच सांगायला इतकी वर्षं शिकतात!

मग दर शनिवारी तेच टेबल. बाबा ऐटीत दुसरा कप मागवायचे.

गेल्या महिन्यात तिथेच कप हातातून निसटला. सगळा चहा शर्टावर. बाबा रुमालाने पुसत राहिले. मला ते बघवेना. धावत वर गेलो, तर काचेची पेटी रिकामी.

"ऑल गॉन टू कॉर्क, लव्ह. फॉर गुड," रिसेप्शनवरची बाई म्हणाली.

मी आजही यातलं काही मानत नाही. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, आणि तुमची तर मुळीच पाठवू नका. त्या कॉर्क शहरात नोकरी घेतली आहे. पगार कमी आहे. बाबांना सांगितलंय, जास्त आहे म्हणून.