दोन मिनिटांत येते

पुस्तकांची खोकी सकाळी आठला आली आणि एकुआ बेंतसिवाने चौसष्टाव्या वर्षी ओट्यावरच चार पावलं नाचून घेतली. चाळीस प्रती! वर्षातले सहा महिने ग्लासगोत आणि सहा महिने आपल्या गावी, समुद्रकाठच्या सॉल्टपाँडला काढणाऱ्या या निवृत्त सुईणीने याआधी दोन कादंबऱ्या लिहिल्या होत्या. दोन्हींत जहाज होतं, दोन्हींत एक आई मुलीला टाकून जाई. तिची स्वतःची आई, आराबाबाई, त्या कादंबऱ्या मजेत वाचायची. "ही कोण भवानी? आपल्यात नाही बाई अशी," म्हणायची.

पण हे तिसरं होतं आत्मचरित्र. त्यात आईचं नाव होतं, आणि पान अकरावर होतं की आई खोटं बोलून गेली. महिन्यापूर्वी एकुआने कौतुकाने पहिली प्रत आईला दिली होती, तेव्हापासून आईने तोंड उघडलं नव्हतं. आज चार वाजता शाळेच्या सभागृहात वाचन. सगळं गाव येणार, आणि आई नाही? एकुआने नवा काबा झगा अंगात चढवला आणि ती थेट आईच्या घरी धडकली.

आराबाबाई अंगणात भुईमूग सोलत होत्या. शहाऐंशी वर्षांच्या, ग्लासगोच्या इस्पितळात तीस वर्षं परिचारिका. नजर अजून सुईसारखी.

"या लेखिकाबाई. खोटारडीच्या घरी कशा वाट चुकलात?"

"आई, ऐकून तरी घे."

"तू ऐक. मी जहाजासाठी ताकोराडी बंदराची बस धरली तेव्हा तू सात वर्षांची. मी काय म्हणाले?"

"येते, म्हणालीस."

"मग पुस्तकात 'इथंच थांब, दोन मिनिटांत परत येते' हे कुणी म्हटलं?"

एकुआ ओशाळली. "इंग्रजीने. अगं, तिकडचा संपादक विचारायला लागला, जाणारी बाई 'येते' कशी म्हणेल? चुकून उलटं छापलंय का? मग मी सोपं करून दिलं."

"सोपं! घरातून निघताना 'जाते' म्हणायचं होतं का मी? जातात ती मढी. आणि आले नाही का मी? आले, तुला घेऊन गेले, शिकवलं. ते दोन मिनिटांचं तुझ्या इंग्रजीलाच विचार, आणि तिलाच बसव पहिल्या रांगेत."

मुलीने दोन कादंबऱ्या आणि अर्धं आयुष्य त्या बस थांब्यावर काढलं होतं, आणि बाई म्हणत होत्या ते शब्दशः खरं होतं. एकुआ उठली. फाटकाशी सवयीने तोंडातून निघालंच, "येते गं."

"किती मिनिटांत?" मागून प्रश्न आला.

एकुआ फाटकाला धरून हसत सुटली. पळतच रस्त्याला लागली. हा प्रश्न विचारायचं पन्नास वर्षांत तिला सुचलं नव्हतं!

चार वाजता सभागृहात मुंगीला वाव नव्हता. मामेभाऊ फीफी, तिथला हेडमास्तर, त्याने पहिल्या रांगेतली मधली खुर्ची आराबाबाईंसाठी धरून ठेवली होती. दोन पाद्री आणि एक नगरसेवक येऊन ती मागून गेले, पण गडी हलला नाही. खुर्ची रिकामीच. एकुआने पान अकरा उघडलं, पेन काढलं आणि सगळ्यांदेखत ती ओळ खोडली. पुस्तक मिटलं आणि आपल्या फांटी भाषेत सांगायला लागली.

"मी सात वर्षांची. आई बसमध्ये चढली आणि म्हणाली, येते."

"बरोबरच आहे!" सभागृह एका सुरात म्हणालं. ग्लासगोत या वाक्यावर लोक बुचकळ्यात पडले असते.

"मी रोज थांब्यावर जायचे. मावशी ओढून आणायची. चार वर्षं. आणि एक दिवस—"

"तीन वर्षं दहा महिने!"

दारात आराबाबाई. अंगावर ठेवणीतलं कापड, काठी, चष्मा. "आणि थांब्यावर रोज नाही, शुक्रवारी. बहिणीने पत्रात कळवलेलं मला. तिकडे मी ते पत्र उशीखाली घेऊन झोपायची. हे लिहिलंस का?"

"मला माहीतच नव्हतं गं."

"विचारलंस का?" सभागृह हास्याने दणाणलं. बाई येऊन खुर्चीत बसल्या. "चालू दे. मी आहे आता."

वाचन दोन तास चाललं, कारण दर दुसऱ्या वाक्याला खुर्चीतून दुरुस्ती येई. मग विक्री. बाईंनी टेबल अडवलं. "पान अकरा खोडल्याशिवाय एकही प्रत बाहेर जायची नाही." एकुआ खोडत गेली, बाई चष्मा चढवून तपासत गेल्या आणि समासात स्वतःच्या हाताने लिहीत गेल्या, 'येते म्हणाले. आले.' एक इसम गडबडीत न खोडलेलीच प्रत घेऊन गेला होता, तो अर्ध्या वाटेतून भांडत परत आला. "मला अर्धवट प्रत दिलीत! आजींचं अक्षर कुठाय?"