निळ्या वहीतली नावं

कारखान्याची भिंत निम्मीसुद्धा संपली नव्हती, तेवढ्यात भावजींनी दुसऱ्यांदा मागे वळून पाहिलं. एरवी चालताना त्यांच्या तोंडाला खंड नसे. त्या दिवशी मात्र ते एकेक शब्द जपून बोलत होते. हे घरात बोलायचं नाही, फोनवर तर नाहीच, म्हणून त्यांनी मला बाहेर काढलं होतं.

हे माझे धाकटे दीर. सासरे यंत्रापुढे उभे राहूनच म्हातारे झाले. ते पाहून हे हट्टाने शिकले आणि कामगार अधिकारी झाले. मालक आणि कामगार यांच्या मधे बसायचं आणि दोघांच्या शिव्या खायच्या, हीच आपली नोकरी, असं हसून सांगायचे. कामगार त्यांना 'पोस्टमन' म्हणत. बोलणी सुरू होण्याआधी ते प्रत्येक खात्यात जाऊन बसत आणि तक्रारी निळ्या वहीत लिहून घेत, नावासकट. बिननावाची तक्रार वरच्या मजल्यावर कुणी ऐकत नाही, हे त्यांचं ठाम मत. सहा वर्षं ते खरंही ठरलं.

मग नवे मॅनेजर आले. त्यांनी गोड बोलून एका दिवसासाठी वही मागितली आणि भावजींनी ती दिली. रंगखात्यातल्या धुराबद्दल बोललेली अकरा माणसं आठवड्याभरात कामावरून गेली. बोर्डावर नावं लागली ती वहीतल्याच क्रमाने.

"धूर ओढणारे पंखे तरी बसवले का?" मी विचारलं.

"गरज नाही म्हणाले. आता तक्रार करणारंच कुणी उरलं नाही."

एक करडी गाडी आम्हाला ओलांडून हळूच पुढे जाऊन थांबली. कुणी उतरलं नाही. मी मनात देवाचं नाव घेतलं. भावजींनी पिशवी छातीशी धरली. तिच्यात दुसरी वही होती, बॉयलरखात्याची. सदतीस नावं. ती उद्या दहा वाजता मॅनेजरांच्या टेबलावर हवी होती. ती मागताना त्यांनी, सहज विचारावं तसं, भावजींची मुलगी शाळेत कुठल्या रस्त्याने जाते, तेही विचारलं होतं.

जाळून टाका, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. जाळली तर बॉयलर फुटल्यावर हे मॅनेजरच म्हणतील, आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

गाडी अजून तिथेच होती. भावजींनी वही काढून माझ्या पदराखाली सरकवली.

"वहिनी, ही तुमच्याकडे ठेवा. आणि मी स्वतः येऊन मागितली, पाया पडलो, तरी देऊ नका."